क्षची किंमत काढताना

३क्ष + ५ = २० हे एका चलातील रेषीय समीकरण आहे. एका अज्ञात संख्येची तिप्पट केली आणि तिच्यात ५ मिळवले तर २० होतात, एवढेच त्याचे म्हणणे. हे म्हणणे क्षच्या कोणत्या किमतीला खरे ठरते ते शोधणे म्हणजे समीकरण सोडवणे, आणि ती किंमत म्हणजे त्याची उकल. क्षच्या जागी ४ ठेवले तर डावी बाजू १७ होते, म्हणणे खोटे पडते. ५ ठेवले तर १५ आणि ५ मिळून २० होतात. उकल ५ आहे. शालेय पुस्तकांत अज्ञातासाठी इंग्रजी एक्स किंवा एम छापलेला असतो, जुनी मराठी बीजगणिते क्ष आणि य वापरत. अक्षर बदलल्याने उकल बदलत नाही.

अशा समीकरणात चलाचा घात एकच असतो. क्षचा वर्ग नाही, वर्गमूळ नाही. ३क्ष + ५ या राशीची किंमत क्षच्या निरनिराळ्या किमतींना काढून आलेख कागदावर मांडली तर सगळे बिंदू एका सरळ रेषेवर येतात. रेषीय हे नाव त्यावरून. तिरकी सरळ रेषा २० ची उंची एकदाच ओलांडते, म्हणून उकलही एकच निघते. क्षचा वर्ग आला की आलेख वाकतो, तीच उंची तो दोनदा गाठू शकतो, आणि तिथला हिशेब वेगळा होतो.

मुलांची पहिली अडचण बहुधा क्षपाशी नसते, बरोबरच्या चिन्हापाशी असते. ८ + ५ = असे दिसले की उजवीकडे उत्तर लिहायचे, ही सवय पहिलीपासून हाताला लागलेली असते. त्यामुळे हे चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ अशी सूचनाच वाटू लागते. याच सवयीतून वहीत ८ + ५ = १३ × २ = २६ अशी साखळी उमटते. तोंडी हिशेब करताना ती खपून जाते. लिहिलेली तशीच वाचली तर मात्र ८ आणि ५ यांची बेरीज २६ आहे, असे ती सांगत असते. समीकरणातले हे चिन्ह दोन्ही बाजूंची किंमत सारखी आहे असे विधान करते. रॉबर्ट रेकॉर्ड हा वेल्समध्ये जन्मलेला वैद्य आणि गणितज्ञ. १५५७ मध्ये लंडनमध्ये छापलेल्या पुस्तकात त्याने हे चिन्ह पहिल्यांदा वापरले आणि त्याचे कारणही दिले: दोन समांतर रेषांइतक्या सारख्या दुसऱ्या कोणत्याही दोन वस्तू नाहीत. या चिन्हाने त्याने मांडलेले पहिले समीकरण आजच्या लेखनात १४क्ष + १५ = ७१ असे होईल, म्हणजे सातवीच्या सरावसंचात कुणाच्या लक्षातही येणार नाही इतके ओळखीचे.

दोन्ही बाजूंना तेच

दोन राशी सारख्या असतील तर दोन्हींत सारखी संख्या मिळवली, दोन्हींतून सारखी संख्या वजा केली, किंवा शून्य सोडून कोणत्याही सारख्या संख्येने दोन्हींना गुणले वा भागले, तरी त्या सारख्याच राहतात. समीकरण सोडवण्याची सारी पद्धत एवढ्यातच आली. वाण्याच्या तराजूत दोन्ही पारड्यांतून सारखे वजन उचलले तर काटा हलत नाही, तसेच हे. ऋण संख्या आल्या की तराजूचा उपयोग संपतो, कारण उणे चार किलो कुणी तोलत नाही. नियम मात्र तिथेही तसाच चालतो.

रेकॉर्डच्या समीकरणात दोन्ही बाजूंतून १५ वजा केले की १४क्ष = ५६ उरते. दोन्ही बाजूंना १४ ने भागले की क्ष = ४. ताळा पाहायचा तर ४ ही किंमत मूळ समीकरणात ठेवायची: १४ × ४ म्हणजे ५६, त्यात १५ मिळवले की ७१.

आधी १५ वजा केले, मग १४ ने भागले. हा क्रम उलटा का नाही? मूळ राशी तयार होताना क्षला आधी १४ ने गुणले आणि नंतर १५ मिळवले. उलगडताना शेवटची क्रिया आधी काढायची असते. लीलावतीत भास्कराचार्यांनी व्यस्तविधी म्हणून हीच रीत दिली आहे: शेवटाकडून निघायचे आणि गुणाकाराच्या जागी भागाकार, बेरजेच्या जागी वजाबाकी, वर्गाच्या जागी वर्गमूळ करत सुरुवातीला पोहोचायचे. आधी १४ ने भागणे चुकीचे नाही. पण तसे केले तर डावीकडच्या १५ लाही भागावे लागते, आणि क्ष + १५/१४ = ७१/१४ असे ओबडधोबड अपूर्णांक हाती येतात. घाईत १५ न भागता तसाच ठेवला जातो आणि पुढचे सगळे मुसळ केरात.

वर्गात ही सगळी रीत एका वाक्यात सांगितली जाते: पद पलीकडे नेले की चिन्ह बदलते. हे वाक्य खोटे नाही, पण ते संक्षेप आहे. क्ष + ७ = १२ मधला ७ खरे तर कुठे जात नाही. दोन्ही बाजूंतून ७ वजा केल्यावर डावीकडे ७ − ७ = ० होते आणि उजवीकडे १२ − ७ उरते; मधली ओळ गाळली की ७ उडी मारून पलीकडे गेला आणि वाटेत उणे झाला असे दिसते. गाळलेली ओळ ज्याला माहीत आहे त्याने ती जरूर गाळावी. ज्याला ती माहीतच नाही त्याच्यापाशी फक्त ‘पलीकडे’ आणि ‘चिन्ह’ हे दोन शब्द उरतात, आणि गुणाकार समोर आला की त्याची फसगत होते.

−४क्ष = २० हे त्याचे नेमके उदाहरण. नियम घोकलेला विद्यार्थी −४ पलीकडे नेतो, चिन्ह बदलतो आणि क्ष = २४ लिहितो. दुसरा भागायचे असते हे ओळखतो, पण चिन्हही बदलतो आणि क्ष = २०/४ = ५ लिहितो. दोघांनीही नियम पाळलेला आहे, आणि दोघांचेही उत्तर चुकले आहे. इथे क्षला −४ ने गुणलेले आहे. दोन्ही बाजूंना −४ नेच भागायचे. क्ष = −५. गुणक भाजक होतो तेव्हा त्याचे चिन्ह त्याच्याबरोबरच राहते. चिन्ह बदलते ते मिळवलेल्या किंवा वजा केलेल्या पदाचे. ही दोन वाक्ये वेगळी पाठ करण्यापेक्षा आपण दोन्ही बाजूंना काय केले ते उजव्या समासात लिहिणे सोपे. ‘दोन्ही बाजूंना −४ ने भागून’ असे शब्द लिहिल्यावर २४ लिहायला हात सहसा धजत नाही. प्रत्येक पायरी नव्या ओळीवर, आणि बरोबरची चिन्हे एकाखाली एक. परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात हे त्याचे व्यावहारिक कारण. खरे कारण असे की चूक कोणत्या ओळीत शिरली ते नंतर सापडते.

भास्कराचार्यांचे घोडे

अज्ञात दोन्ही बाजूंना असले की समीकरण जरा वेगळे दिसू लागते. असे समीकरण कसे सोडवायचे हे भारतीय गणितात फार लवकर सांगितले गेले. ४९९ च्या आर्यभटीयातील गणितपादात त्याचे सूत्र आहे. दोन माणसांचे धन सारखे आहे, प्रत्येकाजवळ काही नाणी आणि एकाच किमतीच्या काही वस्तू आहेत. आर्यभट या वस्तूंना गुलिका म्हणतात. नाण्यांतील फरकाला वस्तूंच्या संख्येतील फरकाने भागावे, म्हणजे एका वस्तूची किंमत मिळते. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांच्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात हीच रीत अव्यक्त राशीच्या भाषेत येते, आणि तिच्या जोडीला धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज, वजाबाकी, गुणाकाराचे नियम येतात. हे नियम नसते तर पुढचे उदाहरण मांडताच आले नसते.

ते उदाहरण भास्कराचार्यांच्या बीजगणितातले आहे. हा ग्रंथ ११५० मध्ये पूर्ण झालेल्या सिद्धांतशिरोमणीचा एक भाग. एका माणसाकडे ३०० रुपये आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याकडे त्याच किमतीचे दहा घोडे आहेत, पण त्याच्या डोक्यावर १०० रुपये कर्ज आहे. दोघांची संपत्ती सारखी आहे, तर एका घोड्याची किंमत किती?

घोड्याची किंमत क्ष रुपये धरली तर पहिल्याची संपत्ती ६क्ष + ३०० आणि दुसऱ्याची १०क्ष − १००. भास्कराचार्यांच्या पद्धतीत क्षच्या जागी यावत्तावत् असे, ते ‘या’ या अक्षराने लिहीत. ज्ञात संख्येला रूप म्हणत, ते ‘रू’ने दाखवत. दोन्ही बाजू एकाखाली एक मांडत: वर या ६ रू ३००, खाली या १० रू १००, आणि कर्ज दाखवायला त्या १०० च्या डोक्यावर टिंब. मग एका ओळीतले ‘या’ दुसऱ्या ओळीतल्या ‘या’तून वजा करायचे आणि रूपांची वजाबाकी उलट दिशेने करायची. आजच्या वहीत तेच असे दिसते:

६क्ष + ३०० = १०क्ष − १००
३०० + १०० = १०क्ष − ६क्ष (दोन्ही बाजूंतून ६क्ष वजा करून, दोन्ही बाजूंत १०० मिळवून)
४०० = ४क्ष
क्ष = १००

पहिल्याकडे ६०० आणि ३०० मिळून ९००. दुसऱ्याकडे १००० मधून १०० गेले की ९००. ताळा जुळला.

इथे ६क्ष उजवीकडे नेले, कारण उजवीकडे १०क्ष होते आणि फरक धन आला. १०क्ष डावीकडे आणले असते तर −४क्ष = −४०० मिळाले असते आणि उत्तर तेच निघाले असते. क्ष नेहमी डावीकडेच हवा असा काही विद्यार्थ्यांचा, आणि खरे सांगायचे तर काही शिक्षकांचाही, आग्रह असतो. तो आग्रह उगाचच एक उणे चिन्ह पदरात टाकतो. ४०० = ४क्ष आणि ४क्ष = ४०० ही एकाच विधानाची दोन रूपे आहेत.

चाळीसगावजवळच्या पाटण इथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने तिथे मठ स्थापल्याचे आणि त्यासाठी १२०७ मध्ये दान मिळाल्याचे हा लेख सांगतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. सिद्धांतशिरोमणी शिकवायचा म्हटल्यावर बीजगणित आलेच, तेव्हा घोड्यांचे हे उदाहरण खानदेशात आठशे वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांकडून सोडवून घेतले जात असणार.

पद एका बाजूकडून दुसरीकडे नेण्याची क्रिया नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मीनेही नीट वेगळी काढून सांगितली होती. वजा असलेले पद दोन्ही बाजूंत मिळवून नाहीसे करायचे ही एक पायरी, आणि दोन्ही बाजूंना असलेली सजातीय पदे एकमेकांतून वजा करायची ही दुसरी. त्याच्या ग्रंथात चिन्हे नाहीत, सगळे शब्दांत आहे.

कंस आणि छेद

भास्कराचार्य घोड्यांना एका प्रश्नावर सोडत नाहीत. तेच घोडे, तेच रुपये, तेच कर्ज. पण आता पहिल्याची संपत्ती दुसऱ्याच्या तिप्पट आहे.

६क्ष + ३०० = ३(१०क्ष − १००)

कंसाबाहेरचा ३ कंसातल्या प्रत्येक पदाला गुणतो: ६क्ष + ३०० = ३०क्ष − ३००. पुढे ६०० = २४क्ष, म्हणून क्ष = २५. ताळा पाहिला तर पहिल्याकडे १५० आणि ३०० म्हणजे ४५०, दुसऱ्याकडे २५० उणे १०० म्हणजे १५०. तिप्पट आहे. ३ फक्त १०क्षला गुणून १०० तसाच सोडला असता तर क्षची किंमत ४००/२४ अशी विचित्र आली असती.

कंसाबाहेर उणे चिन्ह असले की खरी परीक्षा होते. ९ − २(क्ष − ३) = ५ हे समीकरण दिसते साधे. त्यात दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिले, ९ − २ = ७ करून ७(क्ष − ३) = ५ लिहिणे; ते २ कंसाला गुणलेले आहे, ९ मधून सुटे वजा करता येत नाही. दुसरे, कंस सोडवताना ९ − २क्ष − ६ लिहिणे. −२ आणि −३ यांचा गुणाकार +६ येतो, म्हणून खरी ओळ ९ − २क्ष + ६ = ५ अशी. त्यावरून १५ − २क्ष = ५, २क्ष = १०, क्ष = ५. चुकीच्या चिन्हाने गेल्यास क्ष = −१ मिळते. ते मूळ समीकरणात ठेवले की ९ − २(−४), म्हणजे १७ येतात, ५ येत नाहीत. गाइडच्या शेवटच्या पानावरचे उत्तर न पाहताही चूक उघडी पडते. अट एवढीच की किंमत मूळ समीकरणात ठेवली पाहिजे. मधल्या एखाद्या ओळीत ठेवली तर त्या ओळीच्या आधी झालेली चूक ताळ्यातून निसटते.

घोड्यांचा आणखी एक प्रश्न अपूर्णांकाचा आहे: पहिल्याच्या संपत्तीच्या निम्म्यात २ मिळवले तर दुसऱ्याची संपत्ती होते.

(६क्ष + ३००)/२ + २ = १०क्ष − १००

छेद २ आहे म्हणून दोन्ही बाजूंना २ ने गुणायचे. गुणताना प्रत्येक पद गुणायचे, सुटा २ सुद्धा: ६क्ष + ३०० + ४ = २०क्ष − २००. मग ५०४ = १४क्ष आणि क्ष = ३६. ताळा: पहिल्याकडे ५१६, त्याचे निम्मे २५८, त्यात २ मिळवले की २६०, दुसऱ्याकडे ३६० उणे १००, तेही २६०.

छेद अनेक असतील तर त्यांच्या लसाविने गुणले की सगळे एकदम जातात. लीलावतीतले कमळांचे उदाहरण यासाठी चांगले. एका राशीतली एक तृतीयांश, एक पंचमांश आणि एक षष्ठांश कमळे अनुक्रमे शिव, विष्णू आणि सूर्य यांना वाहिली, एक चतुर्थांश देवीला, उरलेली ६ गुरूंच्या चरणी; एकूण कमळे किती? क्ष/३ + क्ष/५ + क्ष/६ + क्ष/४ + ६ = क्ष. लसावि ६०. गुणल्यावर २०क्ष + १२क्ष + १०क्ष + १५क्ष + ३६० = ६०क्ष, म्हणजे ५७क्ष + ३६० = ६०क्ष, आणि क्ष = १२०. इथेही हमखास होणारी चूक म्हणजे ६ ला ६० ने गुणायचे विसरणे. त्याला छेद नाही म्हणून तो गुणाकारातून सुटला, असे वाटते.

भास्कराचार्यांनी हे उदाहरण क्ष न घेताच सोडवून दाखवले आहे. सोयीसाठी राशी ६० धरू. त्यातून २०, १२, १० आणि १५ गेले की ३ उरतात. उरायला हवे होते ६, म्हणजे दुप्पट; म्हणून राशीही दुप्पट, १२०. याला ते इष्टकर्म म्हणतात. ही युक्ती त्यांच्याही आधी अडीच हजारांहून अधिक वर्षे जुनी आहे. इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमारास आहमोस या इजिप्शियन लेखनिकाने नकलून ठेवलेला एक पपायरस आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातला २४ वा प्रश्न: एक राशी आणि तिचा सातवा भाग मिळून १९ होतात, तर राशी किती? तो ७ धरतो, ७ आणि १ मिळून ८ येतात, मग १९ ला ८ ने भागून ७ ने गुणतो. उत्तर १६ पूर्णांक ५/८.

मात्र ही युक्ती सगळीकडे लागू पडत नाही. ३क्ष + ५ = २० मध्ये क्षच्या जागी १ धरला तर ८ येतात; २० हे ८ च्या अडीचपट, पण क्ष काही अडीच नाही. क्ष दुप्पट केला की ३क्ष दुप्पट होते, ५ मात्र जागचा हलत नाही. कमळांच्या उदाहरणात वजा होणारा प्रत्येक भाग राशीच्याच प्रमाणात होता, म्हणून ते जमले.

छेदाच्या बाबतीत आणखी एक खाचखळगा आहे. (क्ष + १)/२ − (क्ष − १)/३ = २ यात कंस छापलेले आहेत म्हणून दिसतात. पुस्तकात मात्र आडव्या रेषेवर क्ष − १ असा नुसता अंश असतो आणि ती रेषाच कंसाचे काम करते. ६ ने गुणल्यावर ३(क्ष + १) − २(क्ष − १) = १२ असे लिहिले तर क्ष + ५ = १२ आणि क्ष = ७ मिळते. कंस न घालता ३क्ष + ३ − २क्ष − २ लिहिले तर क्ष = ११ येते, आणि ताळ्यात २ च्या जागी ८/३ निघतात.

चल छेदातही येऊ शकतो. (क्ष + ३)/(क्ष − १) = ३ हे तिरकस गुणाकाराने क्ष + ३ = ३क्ष − ३ होते आणि क्ष = ३ मिळते. छेदात ३ ठेवून पाहिले तर २ येतात, शून्य नाही, म्हणून उत्तर ग्राह्य. क्ष/(क्ष − २) = २/(क्ष − २) वरून मात्र क्ष = २ असे निघते आणि त्याच किमतीला दोन्ही छेद शून्य होतात. अशा समीकरणाला उकल नाही.

उकल नसणे साध्या समीकरणातही घडते. २क्ष + ३ = २क्ष + ७ मधून २क्ष वजा केले की ३ = ७ उरते; क्ष कोणताही घेतला तरी हे खरे होणार नाही. उलट २(क्ष + ३) = २क्ष + ६ हे क्षच्या प्रत्येक किमतीला खरे. या दोन्हींहून निराळे ५क्ष + ७ = २क्ष + ७. यात ३क्ष = ० येते आणि उकल ० आहे. ‘उत्तर शून्य’ आणि ‘उत्तर नाही’ यांची वहीत फार गल्लत होते.

शब्दांतून समीकरण

शाब्दिक उदाहरणात समीकरण सोडवणे सोपे असते, मांडणे कठीण. क्ष म्हणजे काय हे पहिल्याच ओळीत पूर्ण वाक्यात लिहावे लागते. ‘क्ष = आई’ हे वाक्य नाही; ‘मुलाचे आजचे वय क्ष वर्षे मानू’ हे आहे. समजा, आई मुलापेक्षा २४ वर्षांनी मोठी आहे आणि ६ वर्षांनी तिचे वय मुलाच्या वयाच्या तिप्पट होईल. आईचे आजचे वय क्ष + २४. सहा वर्षे दोघांचीही वाढतात, म्हणून क्ष + ३० = ३(क्ष + ६). सोडवल्यावर १२ = २क्ष, क्ष = ६. प्रश्नात आईचे वय विचारले असेल तर उत्तर ६ नाही, ३० आहे. समीकरण बरोबर सोडवून शेवटच्या ओळीत गुण गमावणारे बरेच असतात.

अज्ञात कोणते घ्यायचे याचे स्वातंत्र्य सोडवणाऱ्याला असते आणि ते वापरले तर काम हलके होते. एसटीच्या एका प्रवासात ३ पूर्ण आणि ५ अर्धी तिकिटे मिळून ५५० रुपये झाले. पूर्ण तिकीट क्ष रुपये धरले तर ३क्ष + ५क्ष/२ = ५५० असा छेद येतो. अर्धे तिकीट क्ष धरले तर पूर्ण तिकीट २क्ष, आणि ६क्ष + ५क्ष = ५५०; क्ष = ५०, पूर्ण तिकीट १०० रुपये. हेच उदाहरण तिकिटांऐवजी माणसांवर रचायचे तर जपून रचावे लागेल, कारण २०२३ पासून एसटीत महिलांनाही अर्धेच तिकीट आहे आणि ‘तीन मोठी माणसे’ म्हणजे तीन पूर्ण तिकिटे असे आता म्हणता येत नाही.

दोन अंकी संख्यांच्या उदाहरणांत अंक आणि त्याची स्थानिक किंमत यांत गोंधळ होतो. एका संख्येतील अंकांची बेरीज ९ आहे, अंकांची अदलाबदल केली तर संख्या २७ ने वाढते. एकक स्थानचा अंक क्ष, दशक स्थानचा ९ − क्ष. संख्या १०(९ − क्ष) + क्ष, म्हणजे ९० − ९क्ष. उलट संख्या १०क्ष + ९ − क्ष, म्हणजे ९क्ष + ९. म्हणून ९क्ष + ९ = ९० − ९क्ष + २७, त्यावरून १८क्ष = १०८, क्ष = ६. मूळ संख्या ३६, उलट केली की ६३.

उत्तर ऋण आले म्हणजे चुकलेच असे नाही. आई ४० वर्षांची, मुलगा १६ चा. किती वर्षांनी आईचे वय मुलाच्या तिप्पट होईल? ४० + क्ष = ३(१६ + क्ष) वरून ४० + क्ष = ४८ + ३क्ष, आणि क्ष = −४. उणे चार वर्षांनी म्हणजे चार वर्षांपूर्वी. तेव्हा आई ३६ ची आणि मुलगा १२ चा होता, तिप्पट होतेच. अपूर्णांक उत्तराचे मात्र तसे नाही. एका वर्गात ४८ विद्यार्थी आहेत आणि मुली मुलग्यांपेक्षा ७ ने जास्त आहेत असे दिले, तर मुलगे क्ष धरून क्ष + क्ष + ७ = ४८ आणि क्ष = २०.५ येते. समीकरणाची मांडणी आणि उकल दोन्ही बरोबर आहेत. चूक उदाहरण रचणाऱ्याची आहे. दोन पूर्ण संख्यांत ७ चा फरक असला की त्यांची बेरीज विषमच येते, आणि ४८ सम आहे.